प्रस्तावना : ‘पूर्ववत’ या शेऱ्याविषयी

महसूल खात्यात बत्तीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो, आणि त्या बत्तीस वर्षांत जो एक शब्द मी सर्वांत अधिक वेळा लिहिला असेन तो म्हणजे ‘पूर्ववत’. पाहणीस जावे, बांध, विहीर, झाडे यांचा तपशील जुन्या कागदाशी ताडून पाहावा, आणि फरक न आढळल्यास शेऱ्याच्या रकान्यात हा चार अक्षरांचा शब्द लिहून कागद निकाली काढावा, अशी आमच्याकडे वहिवाट होती. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी माझ्या पौरुषग्रंथीत कर्करोग निघाला, ती ग्रंथी शस्त्रक्रियेने समूळ काढण्यात आली, आणि घरी सोडताना जो इंग्रजी कागद माझ्या हाती ठेवण्यात आला त्याच्या अखेरीस, सहा आठवड्यांनी सर्व व्यवहार पूर्ववत सुरू करावेत, अशा अर्थाचे एक वाक्य होते. त्या एका वाक्याची पडताळणी करण्यात माझी पुढील दोन वर्षे गेली. शेरा चुकीचा होता. प्रस्तुत पुस्तकास प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार, काही असलाच तर, एवढ्या पडताळणीपुरता आहे.

वैद्यकीय ग्रंथाची प्रस्तावना एखाद्या ज्येष्ठ वैद्याने लिहावी हा शिष्टाचार आहे, आणि तो मोडून एका रुग्णाकडे हे काम सोपविण्याचे धाडस लेखकद्वयाने केले आहे. त्यांपैकी एक मूत्ररोगांचे शल्यवैद्य आहेत व दुसऱ्या भौतिकोपचाराच्या जाणकार आहेत. या जोडीतच पुस्तकाचे वेगळेपण आहे. कारण रोग कापून काढणारा हात आणि कापल्यानंतर उरलेल्या शरीराला पुन्हा कामास लावणारा हात हे दोन्ही आपल्याकडे क्वचितच एका मेजापाशी बसतात. पहिल्याचे काम दोन-चार तासांत आटोपते. दुसऱ्याचे काम महिनोन्‌महिने चालते, आणि त्यासाठी दाद कोठे मागावी हेही सामान्य रुग्णास ठाऊक नसते.

ज्या अवयवाविषयी हा सारा प्रपंच, तो आकाराने अक्रोडाएवढा. मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रमार्गाला चहूबाजूंनी वेढून तो बसलेला असतो. आधुनिक वैद्यकीय मराठीत त्यास पौरुषग्रंथी म्हणतात, आयुर्वेदाचे अभ्यासक अष्ठीला म्हणतात, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेले आम्ही सर्वजण ‘प्रोस्टेट’ म्हणतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या प्रकारांत वाताष्ठीला म्हणून एक व्याधी सांगितली आहे, ज्यात गुदमार्ग व बस्ती (मूत्राशय) यांच्या दरम्यान दगडासारखा कठीण उंचवटा उत्पन्न होऊन मूत्र अडते. तिचा आजच्या रोगाशी नेमका मेळ घालण्याचा खटाटोप मी करणार नाही. परंतु म्हाताऱ्या पुरुषांची ही तक्रार नवी नाही आणि तिला नाव देण्यात आपल्या पूर्वजांना संकोच वाटला नाही, एवढी नोंद येथे पुरे.

शस्त्रक्रियेचा इतिहास लेखकांनी दुसऱ्या प्रकरणात दिला आहे. त्यातील एक भाग मला इतका हृद्य वाटला की त्याचा सारांश येथे दिल्यावाचून राहवत नाही. 1904 साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, ह्यू हॅम्प्टन यंग यांनी कर्करोगासाठी ही ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया केली. चाळीसच्या दशकात टेरेन्स मिलिन यांनी लंडन येथे ओटीपोटातून, जघनास्थीच्या मागून, तिच्यापर्यंत जाण्याचा मार्ग रूढ केला. मार्ग कोणताही असो, शस्त्रक्रियेनंतर पुरुषाची उत्थानशक्ती जवळजवळ हमखास जाई, आणि कित्येकांचे मूत्रावरील नियंत्रणही जाई. उत्थानाच्या नसा ग्रंथीतूनच गेलेल्या असतात व त्या वाचविणे अशक्य आहे, अशी समजूत होती, आणि जीव वाचला हेच पुष्कळ असे मानून वैद्य व रुग्ण दोघेही गप्प बसत. 1981 साली त्याच जॉन्स हॉपकिन्समधील पॅट्रिक वॉल्श हे हॉलंडमधील लायडेन येथे गेले असता, प्राध्यापकपदावरून निवृत्त झालेल्या पीटर डोंकर यांची व त्यांची गाठ पडली. प्रौढ देहात या नसा मेद व तंतू यांच्या गर्दीत दिसत नाहीत. म्हणून डोंकर एका मृतजात अर्भकाच्या देहाचे विच्छेदन करीत होते. त्या इवल्या देहात दोघांना दिसले ते असे, की त्या नसा ग्रंथीच्या आतून जात नसून तिच्या बाहेरून, दोन्ही अंगांनी, जुड्यांच्या रूपाने खाली उतरतात. पुढल्याच वर्षी, 1982 च्या एप्रिलमध्ये, वॉल्श यांनी त्या नसा जाणूनबुजून राखून पहिली शस्त्रक्रिया केली. तो रुग्ण बावन्न वर्षांचा होता व त्याची शक्ती पुढे परत आली. जगाचा प्रकाशही न पाहिलेल्या एका बालकाच्या देहाने त्यानंतरच्या किती पुरुषांच्या संसारावर उपकार केले, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात मांडलेला नाही.

मात्र नस राखली म्हणजे ती लगेच कामावर रुजू होते असे नाही, आणि येथेच त्या इंग्रजी कागदाने माझी फसवणूक केली. शस्त्रक्रियेत ताणली गेलेली, हाताळली गेलेली नस न तुटताही निद्रिस्त होते, आणि तिला जाग येण्यास अठरा महिने, दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक मुदत लागते. मूत्राची गोष्ट वेगळी आहे. निसर्गाने मूत्राशयाच्या दाराशी दोन पहारेकरी नेमले आहेत: एक आतला, जो आपल्या हुकमाची वाट न पाहता अष्टौप्रहर दार मिटून धरतो, आणि दुसरा बाहेरचा, ग्रंथीच्या खाली, जो आपल्या इच्छेने आवळता येतो. ग्रंथी काढताना आतल्या पहारेकऱ्याचे ठाणेच उठते. मूत्राशय व मूत्रमार्ग पुन्हा सांधले जातात. सांधा भरून येईपर्यंत एक-दोन आठवडे मूत्रमार्गात नळी राहते. आणि नळी निघाली की आजवर केवळ अडीअडचणीला हाक मारला जाणारा दुसरा पहारेकरी एकाएकी संपूर्ण चौकीचा जबाबदार होतो. तो बिचारा थकतो. म्हणूनच सकाळी कोरडा असलेला मनुष्य सायंकाळी भिजतो, अंथरुणात पडल्यावर ठीक असतो आणि खुर्चीतून उठताना, खोकताना, शिंकताना, नातवाला उचलताना त्याचा धीर सुटतो.

माझी नळी निघाली त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावरच माझे धोतर भिजले. (पँट सोडून धोतर नेसण्याचा सल्ला एका शेजाऱ्याने दिला होता आणि तो तेवढ्यापुरता शहाणपणाचा ठरला.) पुढील चार महिन्यांत मी पुतण्याच्या मुलाच्या मुंजीला गेलो नाही, कारण पंगतीत मांडी घालून बसल्यावर उठताना काय होईल याची शाश्वती नव्हती, देवपूजा सोडली, कारण सोवळे नेसून ओले होणे मनाला पटेना, व्याख्यानाला गेलोच तर दाराजवळची शेवटची खुर्ची धरून बसू लागलो, आणि एस.टी.चा प्रवास तर मी माझ्या जमाखर्चातून पार खोडून टाकला. तहान मारून पाणी तोडले, त्याने मूत्र गढूळ झाले, जळजळ सुरू झाली आणि ओलावा उलट वाढला. यातील कोणतीही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. सहधर्मचारिणीस ती न सांगताच कळली होती. एके दुपारी ती जुन्या सुती लुगड्याच्या घड्या घालून, त्यांना गोधडीसारखे टाके घालीत बसली असता मी कशासाठी म्हणून विचारले. ती म्हणाली, “अहो, तुमच्यासाठी. बाजारातल्या पॅडांनी तुमच्या मांड्या सोलवटल्यात. आणि यात लाजायचं काय? धाकटीच्या वेळी बाळंत झाल्यावर मी सहा महिने शिंकायला भीत होते.”

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. मी ज्यास माझ्यावर कोसळलेली अपूर्व आपत्ती समजत होतो ती माझ्याच घरात, माझ्या शेजारी, एका माणसाने सहा महिने मुकाट्याने भोगली होती आणि त्याचा मला पत्ता नव्हता. पुढे हे पुस्तक हस्तलिखितात वाचताना कळले की पुरुषांस आज जो व्यायाम शिकवितात तोही मुळात बाळंतिणींसाठीच योजलेला आहे. कॅलिफोर्नियातील आर्नल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी प्रसूतीनंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी तो 1948 साली प्रसिद्ध केला. आम्ही तो स्त्रियांकडून उसना घेतला आहे, आणि त्याचे ऋण मान्य करण्यास हरकत नसावी.

या व्यायामाचे तिसरे प्रकरण पुस्तकाचा कणा आहे. ते वाचण्यापूर्वी ‘ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळावेत’ एवढाच उपदेश मला मिळाला होता, आणि त्याबरहुकूम मी सहा आठवडे श्वास कोंडून, पोट आत खेचून, नितंब आवळीत बसत होतो. म्हणजे जो स्नायू आवळावयाचा तो सोडून बाकी सर्व आवळीत होतो, आणि पोटाच्या दाबाने उलट मूत्राशयावरच भार टाकीत होतो. भौतिकोपचाराच्या बाईंनी लिहिलेली सूचना अगदी साधी आहे: शिश्न आत ओढून आखूड करावयाचे आहे असे मनात आणावे, श्वास सुरू ठेवावा, काही सेकंद धरावे, तितकाच वेळ सोडावे, दहा-दहाची आवर्तने दिवसातून तीनदा, प्रथम निजून, मग बसून, मग उभ्याने करावीत, आणि खोकला येणार, उठावयाचे आहे, वजन उचलावयाचे आहे, अशा प्रत्येक क्षणाच्या किंचित आधी आवळण्याची सवय लावावी. सोडण्यालाही आवळण्याइतकेच महत्त्व आहे, हे त्यांनी दोनदा लिहिले आहे. नळी असताना हा व्यायाम करू नये, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच तो शिकून ठेवावा, या दोन सूचना मला वेळेवर कोणी दिल्या असत्या तर माझे दोन महिने वाचले असते असा माझा हिशेब आहे.

योगमार्गी वाचक येथे विचारतील की हा आपला मूलबंधच नव्हे काय. हठयोगप्रदीपिकेत मूलबंध आहे, अश्विनी मुद्रेचीही परंपरा आहे, आणि लोणावळ्यास 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून अशा क्रियांची शास्त्रीय तपासणी आरंभिली, ही गोष्ट महाराष्ट्रास भूषणावह आहे. परंतु मूलबंधाचा भर गुद व शिवण यांच्या आकुंचनावर असतो, आणि या रुग्णास ज्याची गरज आहे तो स्नायू थोडा पुढे, मूत्रमार्गाभोवती आहे. दोघे सख्खे शेजारी आहेत, एक नव्हेत. ज्यास मूलबंधाचा अभ्यास आहे त्याला हा व्यायाम लवकर साधेल यात शंका नाही. मात्र ‘आपल्याकडे हे होतेच’ म्हणून नवे शिकण्यास नकार देणे हा देशाभिमान नव्हे, आळस आहे.

बहुतेकांचे नियंत्रण तीन महिने ते एक वर्ष या मुदतीत पुष्कळसे परत येते. ‘पुष्कळसे’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. इंग्लंड-स्कॉटलंड-वेल्समध्ये 1999 ते 2009 या काळात एका मोठ्या पाहणीसाठी रुग्ण निवडण्यात आले, जीत स्थानिक अवस्थेतील कर्करोग असलेल्या 1,643 पुरुषांची चिठ्ठी टाकावी तशी तीन गटांत विभागणी केली होती: एकास शस्त्रक्रिया, दुसऱ्यास किरणोपचार, तिसऱ्यास केवळ सावध देखरेख. पंधरा वर्षांनी पाहता तिन्ही गटांत मिळून या रोगाने मेलेले सुमारे 3 टक्के, आणि गटागटांत त्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक नाही. रोग अन्यत्र पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात इतरांच्या सुमारे दुप्पट. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी पॅड वापरणारे 46 टक्के होते. सहा वर्षांनी ते 17 टक्क्यांवर आले. समागमास पुरेल इतके उत्थान असलेले उपचारापूर्वी 67 टक्के, शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी 12 टक्के, आणि सहा वर्षांनी 17 टक्के. केवळ देखरेखीच्या गटातील पुरुषांचे हे प्रमाणही सहा वर्षांत 30 टक्क्यांपर्यंत उतरले होते; त्यात वयाचाही वाटा आहे, कारण वय कोणाचीच गय करीत नाही.

हे आकडे वाचून कोणी शस्त्रक्रियेस भिऊ नये. माझ्या रोगाची प्रत उच्च होती आणि शस्त्रक्रिया करावयासच हवी होती. आजही मी तोच निर्णय घेईन. माझी तक्रार निराळी आहे. हे आकडे छापलेले असताना मला ते कोणी सांगितले नाहीत. जो मनुष्य सातबाऱ्यावरील एका गुंठ्याचा फेरफार दोन साक्षीदारांवाचून मंजूर करीत नसे त्याने आपल्या देहाच्या एवढ्या मोठ्या फेरफाराच्या संमतिपत्रावर न वाचता सही केली, हा दोष माझाही आहे. रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया केली की हे सर्व टळते, असेही हल्ली बाकाबाकावर ऐकू येते. रोबोटने रक्तस्राव कमी होतो व मनुष्य लवकर घरी जातो, हे खरे. परंतु ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे रोबोटची व उघड्या शस्त्रक्रियेची चिठ्ठी टाकून तुलना झाली तेव्हा मूत्रनियंत्रण व उत्थान यांत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. हत्यारापेक्षा ते चालविणारा हात किती सरावलेला आहे याची चौकशी अधिक अगत्याची, असे शल्यवैद्य लेखकाने स्वतःच लिहिले आहे. आपल्याच व्यवसायाविषयी असे स्पष्ट लिहिणाऱ्याचा मी आदर करतो.

आता ज्या विषयाचे नाव काढताच आपल्या घरांतील दिवे मालवले जातात त्याविषयी. 1927 च्या जुलैत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत, खटले व दंड सोसून, कामजीवनाविषयी शुद्ध, सरळ मराठीत लिहिता येते हे दाखवून दिले. त्यांच्या पश्चात आपण ती भाषा जवळपास मोडीत काढली. उरली ती एकीकडे शिवीची आणि दुसरीकडे भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींची. साठी उलटलेल्या रुग्णाने वैद्यासमोर कोणत्या भाषेत बोलावे? मी ‘ते पूर्वीसारखे नाही’ असे म्हणालो होतो, आणि समोरच्या तरुण डॉक्टरांनी मान हलवून ‘या वयात चालायचंच’ म्हटले होते. पाचव्या प्रकरणाने ही भाषा परत मिळवून दिली आहे. उत्थान, स्खलन, कामेच्छा आणि कामतृप्ती या चार वेगळ्या गोष्टी आहेत व शस्त्रक्रियेने चारही सारख्या बाधित होत नाहीत, एवढे साधे सत्य मला या प्रकरणातून प्रथम समजले. वृषण जागेवर असतात, म्हणून इच्छा राहते. वीर्य बनविणारी यंत्रणा काढली जाते, म्हणून स्खलन कोरडे होते व संतती नैसर्गिक मार्गाने संभवत नाही. परंतु तृप्तीची संवेदना उत्थानावाचूनही शक्य असते. हे ज्याला आधी सांगितले जाते त्याला धक्का बसत नाही.

उपायांची माहिती लेखकांनी तपशीलवार दिली आहे: 1998 पासून मिळू लागलेल्या गोळ्या, ज्या नस काही अंशी जागी असेल तरच लागू पडतात, आणि हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ज्यांना स्पर्शही करू नये, निर्वात नळी, जी अमेरिकेतील एका टायर-व्यापाऱ्याने स्वतःच्या गरजेपोटी बनविली, शिश्नात टोचावयाची सुई, जिची उपयुक्तता ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी 1983 साली लास व्हेगास येथे आधी स्वतःवरच प्रयोग करून, भर सभेत विजार खाली ओढून सिद्ध केली, आणि सर्वांत शेवटी शरीरात बसविण्याचे कृत्रिम साधन. ब्रिंडलींच्या त्या सभेचा वृत्तांत वाचून मी शस्त्रक्रियेनंतर प्रथमच मनमोकळे हसलो. सुईने आलेले उत्थान चार तासांनंतरही न ओसरल्यास तातडीने रुग्णालय गाठावे, ही ताकीद मात्र हसण्यावारी नेऊ नये. रोज गोळी घेतल्याने नसा लवकर जाग्या होतात असे जे सांगितले जाते त्यास पुरावा डळमळीत आहे, हेही लेखकांनी दडविलेले नाही.

बाकीचे विषय मी उरकतो, कारण लेखकांनी ते चांगले हाताळले आहेत: दुसऱ्याच दिवसापासून चालणे, पोटरी सुजली वा दुखली तर तडक वैद्याकडे जाणे, सहा आठवडे जड वजन व मलावरोध टाळणे, लघवीची धार बारीक झाल्यास गप्प न बसणे, आणि वर्षभराच्या प्रयत्नानंतरही ओलावा न थांबल्यास कृत्रिम झडप वा आधारपट्टी यांचा विचार करणे. रक्ततपासणीच्या तारखेची धास्ती हा यातील सर्वांत जुनाट विकार. दर तीन महिन्यांनी, रोग परतल्याचा सुगावा देणाऱ्या पी.एस.ए. या तपासणीचा कागद येतो, आणि त्यावर 0.1 च्या आतला आकडा दिसेपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. सहा वर्षे झाली, तरी आमच्या घरी हीच पद्धत चालू आहे.

पुस्तकात दोन उणिवा आहेत. झडपेचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असताना तिचे वर्णन अशा सहजतेने केले आहे की जणू ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. आणि सर्व उदाहरणे विवाहितांची आहेत; विधुर, अविवाहित वा एकट्या पुरुषाने लुगड्याच्या घड्या कोणाकडून शिवून घ्याव्यात, याचा विचार दुसऱ्या आवृत्तीत व्हावा.

माझ्यापुरते सांगावयाचे तर दिवसाकाठी एक पॅड आजही लागतो, बहुधा सायंकाळनंतर. पंगतीला बसतो, उठण्यापूर्वी आवळतो. पूजा पुन्हा सुरू केली आहे. पाचव्या प्रकरणातील बाबतींत जे परत आले ते पूर्वीचे नव्हे, निराळे आहे, आणि त्याविषयी आम्हा दोघांची तक्रार नाही. शेऱ्याच्या रकान्यात ‘पूर्ववत’ लिहिता येणार नाही. ‘फेरफार मंजूर’ एवढे लिहितो.

वाचकांस विनंती एवढीच, की ज्यांची शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल त्यांनी तिसरे व पाचवे प्रकरण त्या तारखेपूर्वी वाचावे, पत्नी असल्यास तिला शेजारी बसवून मोठ्याने वाचावे, आणि मनात येतील ते प्रश्न मराठीत कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवावेत. कागद पुढे केला की तोंडाने नाव घ्यावे लागत नाही.